शब्दांचे सांधे : वरदेपासून सेवाग्रामपर्यंत

दिवाळीचे दिवस हे सामासिक शब्दांचे दिवस होत. वसुबारस झाली की धनत्रयोदशी, मग नरकचतुर्दशी, लक्ष्मीपूजन, बलिप्रतिपदा आणि शेवटी भाऊबीज. दारावर आकाशकंदील आणि पहाटे अभ्यंगस्नान. हे शब्द आपण वर्षानुवर्षे उच्चारतो; परंतु यांतला प्रत्येक शब्द दोन शब्द जोडून झालेला आहे, त्या जोडावर एक सांधा आहे, आणि तो सांधा कागदावर कोठेही दिसत नसून केवळ बोलणाऱ्याच्या जिभेवर व ऐकणाऱ्याच्या कानात असतो, इकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

खुद्द दिवाळीच घ्या. मूळ शब्द दीपावली. दीप आणि आवली, म्हणजे दिव्यांची ओळ. लोकांच्या तोंडी प चा व झाला, दोन व शेजारी आले तेव्हा त्यांतला एक गळाला, पहिला दीर्घ दी आखूड झाला आणि दिवाळी उरली. आज दिवाळीत दीप वेगळा आणि आवली वेगळी कोणालाही ऐकू येत नाही. सांधा पार बुजला. भाऊबिजेतली बीज म्हणजे द्वितीया, वसुबारशीतली बारस म्हणजे द्वादशी आणि पाडवा म्हणजे प्रतिपदा. ज्याला आपण साधा आकडा समजतो तो बारासुद्धा दोन आणि दहा यांचा समास आहे. द्वादश झिजून बारा झाला. उलट नरकचतुर्दशी मात्र जशीच्या तशी राहिली, कारण ती पंचांगातून आली. रोजच्या बोलण्यात वापरून तिच्या कडा झिजल्या नाहीत. एकाच सणाच्या शब्दांत असे दोन प्रकार सापडतात, झिजलेले आणि न झिजलेले. हा भेद मनात धरून वर्धा जिल्ह्यातील काही नावांचा इतिहास येथे सांगावयाचा आहे. वर्धाच का, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, ज्यांचे सांधे केव्हाच बुजून गेले असे प्राचीन शब्द या जिल्ह्यात आहेत, आणि विसाव्या शतकात जाणूनबुजून घडविलेले, साऱ्या देशाने उचललेले शब्दही येथेच आहेत.

समासाचा सांधा ऐकू येणे ही आपल्याकडे एके काळी जीवनमरणाची गोष्ट मानली जाई. वैदिक वाङ्मयातील इंद्रशत्रूची कथा पुष्कळांना ठाऊक असेल. त्वष्ट्याचा मुलगा विश्वरूप याला इंद्राने मारले. सूड म्हणून त्वष्ट्याने यज्ञ मांडला आणि इंद्राला मारणारा निर्माण व्हावा म्हणून मंत्र म्हटला. इंद्रशत्रु हा शब्द दोन प्रकारे फोडता येतो. इंद्राचा शत्रू, म्हणजे इंद्राला मारणारा, हा तत्पुरुष. आणि इंद्र ज्याचा शत्रू आहे, म्हणजे इंद्राच्या हातून मरणारा, हा बहुव्रीहि. अक्षरे तीच, फरक एवढाच की तत्पुरुषात उंच सूर शेवटच्या अक्षरावर पडतो, तर बहुव्रीहीत पहिल्या पदाचा स्वतःचा सूर कायम राहतो. मंत्र म्हणताना सूर पहिल्या पदावर पडला, आणि यज्ञातून उठलेला वृत्र इंद्राला मारण्याऐवजी इंद्राकडूनच मारला गेला. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभीच ही कथा घेतली आहे ती व्याकरण का शिकावे हे पटविण्यासाठी. पाणिनीने तर अष्टाध्यायीच्या सहाव्या अध्यायाचा अख्खा दुसरा पाद, जवळजवळ दोनशे सूत्रे, समासात सूर कोठे पडतो एवढ्याच विषयाला दिला आहे.

तो सुरांचा खेळ मराठीत राहिला नाही. आर. एल. टर्नर यांनी १९१६ साली एक निबंध लिहून असे प्रतिपादन केले की, वेदकाळच्या स्वरांची पुसट खूण मराठी शब्दांच्या घडणीत अजून सापडते. त्याच सुमारास फ्रेंच पंडित झ्यूल ब्लॉख हे मराठीच्या घडणीवर आपला मोठा ग्रंथ सिद्ध करीत होते. तो १९२० साली प्रसिद्ध झाला आणि वासुदेव गोपाळ परांजपे यांनी १९४१ साली तो मराठीत आणला. पंडितांचा तो वाद पंडितांकडे ठेवू. सामान्य मराठी माणूस समासाचा सांधा ओळखतो तो सुरावरून नव्हे, तर दुसऱ्याच एका खुणेवरून. ती खूण म्हणजे गळणारा अ.

आपण लिहितो राम, पण म्हणतो राम्. शब्दाच्या शेवटचा अ आपण गिळतो, आणि लांब शब्दात मधलाही गिळतो. करवत लिहितो आणि कर्-वत् म्हणतो. आता रामनगर हा शब्द पाहा. केवळ अक्षरे मोजून, शेवटाकडून एकाआड एक अ गाळीत गेलो तर उच्चार होईल रा-मन्-गर्. कोणीही मराठी माणूस असे म्हणणार नाही. तो म्हणेल राम्-नगर्. कारण राम हा शब्द तेथे संपतो हे त्याला ठाऊक असते आणि तेथला अ तो शब्दान्तीचा म्हणून गाळतो. कमलनयन हे नाव वर्ध्याच्या बजाज घराण्यातले. डोळे मिटून नियम लावला तर कम्-लन्-यन्. सांधा ठाऊक असला तर कमल्-नयन्. दिवसभर हा शब्द नुकतेच वाचायला शिकलेले मूल दिव्-सभर् असे वाचते आणि घरातली मोठी माणसे हसतात. मुलाला अक्षरे येतात, पण सांधा अजून सापडलेला नसतो. तो सांगणारे चिन्ह देवनागरीत नाही. तो पुस्तकातून शिकता येत नाही. आजीच्या, आईच्या, गुरुजींच्या तोंडून ऐकूनच शिकावा लागतो.

सांध्याची दुसरी खूण म्हणजे ह्रस्वदीर्घ. फूल या शब्दात ऊ दीर्घ. परंतु फुलपाखरू, फुलबाग म्हणताना तो आखूड होतो. दोन शब्द मिळून एकजीव झाले, शब्दाचा भार पुढे सरकला आणि मागच्या अक्षराची लांबी गेली. मात्र दूधभात, मीठभाकर, भूकबळी यांत पहिले पद आपली लांबी सोडीत नाही. तेथे दोन्ही शब्द शेजारी बसले आहेत, एकमेकांत मुरलेले नाहीत. संस्कृतातून आलेल्या शब्दांची रीत आणखी निराळी. कवी एकटा असला की दीर्घ, पण कविराज म्हटले की ह्रस्व. बुद्धी दीर्घ, बुद्धिवैभव ह्रस्व. लक्ष्मी मुळातच दीर्घ, म्हणून लक्ष्मीपूजनातही ती दीर्घच राहते. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या चौदा नियमांना शासनाची मान्यता मिळाली, तेव्हा सामासिक शब्दांची ही रीत नियमात बसविली गेली. शाळेत हे नियम जाच वाटतात. परंतु शब्द एकटा उभा आहे की दुसऱ्याला टेकून उभा आहे, एवढेच ते ह्रस्वदीर्घ आपल्याला सांगत असते.

सुरावरून समास ओळखण्याची रीत मात्र जगातून गेलेली नाही. युरोपच्या अगदी उत्तरेला नॉर्वे नावाचा देश आहे. तेथील भाषेत बहुतेक भागांत शब्दाला दोन प्रकारचे सूर असतात. शेतकरी या अर्थाचा आणि घेवड्याच्या शेंगा या अर्थाचा असे दोन अनेकवचनी शब्द तेथे एकाच उच्चाराचे असून केवळ सुरावरून वेगळे कळतात. समासात भार पहिल्या पदावर पडतो आणि दुसरे पद दबून येते. म्हणून तेथे समास जोडून लिहिणे फार महत्त्वाचे. रॉइक म्हणजे धूर आणि फ्रित म्हणजे मुक्त. जोडून लिहिले तर पाटीचा अर्थ होतो, येथे धूम्रपान नाही. तोडून लिहिले तर तीच पाटी म्हणते, खुशाल ओढा! आपल्याकडेही हे आहेच. काळे पाणी म्हणजे गढूळ डोहाचे पाणी. काळेपाणी म्हणजे अंदमानची शिक्षा. जेवायला बसलेल्याला पोट भर म्हणणे निराळे आणि तो पोटभर जेवला म्हणणे निराळे.

या नॉर्वेची आठवण येथे उगाच काढली नाही. वर्ध्याच्या बोलीची नोंद आधुनिक भाषाशास्त्राच्या दप्तरात प्रथम ज्यांनी नीट मांडून ठेवली, ते पंडित नॉर्वेचेच होते. ग्रिअर्सनसाहेबांनी हिंदुस्थानातील भाषांची जी प्रचंड पाहणी केली, तिचा मराठीवरील सातवा खंड १९०५ साली कलकत्त्यास निघाला. तो तयार केला होता स्टेन कोनो यांनी. कोनो यांचा जन्म १८६७ चा. पुढे ते आपल्या देशाच्या राजधानीत प्राध्यापक झाले आणि १९४८ साली वारले. मराठीच्या प्रत्येक बोलीचा नमुना म्हणून बायबलातल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीचे त्या त्या बोलीतले रूप या पाहणीत घेतले आहे. त्यात वऱ्हाडातली बोली ती वऱ्हाडी आणि मध्यप्रांतातल्या नागपूर, वर्धा या भागांतली ती नागपुरी अशी विभागणी असून दोन्हींत अंतर फार थोडे असल्याचेही म्हटले आहे. ज्याच्या मातृभाषेत समासाचा सांधा सुरावर तोललेला असतो, अशा माणसाने वर्ध्याच्या शेतकऱ्याची बोली अभ्यासावी, हा योगायोग मोठा गोड आहे.

आता त्या मातीतली नावे पाहू. पहिले नाव वर्धा हेच. हे नाव नदीचे, आणि नदीचे जुने नाव वरदा असे मानले जाते. कालिदासाच्या मालविकाग्निमित्रात विदर्भाचे दोन वाटे होतात ते याच वरदेला सीमा धरून. वरदा हा समास. वर देणारी ती वरदा. व-र-दा या तीन अक्षरांतला मधला अ गळाला, तीनाची दोन अक्षरे झाली, द जड झाला आणि वर्धा उरली. करवतीत जो अ गळतो तोच येथेही गळाला आहे. देणारी देतच राहिली, पण तिच्या नावातले देणे आपल्याला ऐकू येईनासे झाले. १८६२ साली नागपूरपासून हा जिल्हा वेगळा काढला गेला, आणि १८६६ साली पालकवाडी या खेड्याच्या जागी जिल्ह्याचे शहर वसविण्यात आले तेव्हा त्यालाही नदीचेच नाव मिळाले. पालक्-वाडी हा स्वच्छ सांध्याचा शब्द मागे पडला आणि सांधा बुजलेला शब्द नकाशावर चढला.

धाम नदीकाठचे पवनार हे दुसरे. गावातली दंतकथा एका पवन राजाचे नाव सांगते. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी असे मत मांडले की, वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या ताम्रपटांत येणारी राजधानी प्रवरपुर ती हेच पवनार. पुढे रामटेकजवळ मनसर येथे उत्खनन झाले, आणि प्रवरपुर ते मनसर असे मानणारे विद्वानही निघाले. निर्णय काहीही होवो. एखादा समास एवढा झिजला की त्याचा सांधा शोधण्यासाठी ताम्रपट वाचावे लागतात आणि माती उकरावी लागते, हे यावरून ध्यानात येईल.

याउलट पुलगावचा सांधा अगदी ताजा. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोहोचला; त्यासाठी वर्धा नदीवर पूल झाला आणि पुलापाशी जे गाव वाढले ते पुलगाव. पूल दीर्घ, पुलगाव ह्रस्व. फूल आणि फुलबाग यांचाच हा जोडीदार. रेल्वेने आणलेला नवा शब्दही मराठी जिभेने आपल्या जुन्या वहिवाटीप्रमाणेच घडविला. त्यासाठी कोणा वैयाकरणाला विचारावे लागले नाही. वणा नदीवरील हिंगणघाटाची फोड हिंगण्-घाट् अशीच होते, हिंग्-णघाट् अशी कधी होत नाही. समुद्रपुरात द्र हे जोडाक्षर असल्यामुळे तेथला अ गळत नाही, तो ठळक उभा राहतो. आठ तालुक्यांच्या या लहान जिल्ह्यात मराठी समासाचे सारे प्रकार असे हिंडताफिरता भेटतात.

मग विसावे शतक आले आणि येथे नावे झिजण्याऐवजी घडू लागली. १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगाव या खेड्यात राहावयास गेले. याच लोहमार्गावर बुलढाणा जिल्ह्यात गजानन महाराजांचे शेगाव आहे. दोन्ही नावांचा उच्चार इतका जवळचा की टपाल भलतीकडे जाऊ लागले. शेवटी १९४० साली गावाचे नाव सेवाग्राम ठेवण्यात आले. यातली मौज पाहा. गाव हा शब्द ग्राम या शब्दाचाच झिजून झालेला. ग्रामचा गाम झाला आणि गामचा गाव. म्हणजे झिजलेला समास बाजूला सारून तेथे पूर्ण, न झिजलेला समास बसविला. मूळ नावातल्या से ला वा जोडून त्यातून सेवा काढली. सेगावात सांधा असूनही काही सांगत नव्हता. सेवाग्रामात तो सारे काही सांगतो. आज ते रेल्वे स्थानकाचेही नाव आहे.

वर्ध्यातली मगनवाडी मगनलाल गांधींच्या नावाने ओळखली जाते. ग्रामोद्योग संघाचे काम तेथे चाले. ग्राम आणि उद्योग मिळून ग्रामोद्योग. येथे सांधा ओ या एकाच स्वरात विरघळला आहे. या मगनलालांचे एका मोठ्या शब्दाच्या जन्माशी नाते आहे. दक्षिण आफ्रिकेत हिंदी लोकांच्या लढ्याला योग्य नाव हवे होते. मगनलालांनी सदाग्रह हा शब्द सुचविला, सत् आणि आग्रह. गांधीजींना तो आवडला, पण पुरेसा वाटला नाही. त्यांनी सताच्या जागी सत्य घेतले आणि सत्याग्रह शब्द झाला. हा शब्द तोंडाने फोडून पाहा: सत्-त्या-ग्रह्. मधल्या त्या या एका अक्षरात सत्याचा शेवट आणि आग्रहाचा आरंभ दोन्ही आहेत. तेथे सुरी घालून दोन तुकडे करता येत नाहीत.

तसाच दुसरा शब्द गीताई. विनोबांनी १९३० च्या ऑक्टोबरात वर्ध्यास गीतेचे समश्लोकी मराठी भाषांतर हाती घेतले आणि १९३१ च्या फेब्रुवारीत पुरे केले. आईला संस्कृत गीता कळत नव्हती, तिला सोपी मराठी गीता हवी होती. ती इच्छा आईच्या मागे मुलाने पुरी केली. नाव दिले गीताई. गी-ता-ई, अवघी तीन अक्षरे. गीता कोठे संपली आणि आई कोठे सुरू झाली ते दाखविता येत नाही, कारण दोघी त्या एका ता मध्ये भेटतात. आईसाठी केलेल्या पुस्तकाला याहून नेमके नाव कोणते असणार? हा सांधा बुजलेला नाही, तो मुद्दाम मिटविला आहे. ऐकणाऱ्याला तो कळतो म्हणूनच त्याची गोडी.

येथवर जे सांगितले त्याचा एक व्यवहाराचा भागही आहे. अलीकडे समास तोडून लिहिण्याची सवय फार बोकाळली आहे. पाट्यांवर ग्राम पंचायत, निमंत्रणपत्रिकांवर लक्ष्मी पूजन, भेटकार्डांवर भाऊ बीज. दुसरीकडे लिहिलेला मजकूर वाचून दाखविणारी यंत्रे आता घरोघर आली आहेत. ती अक्षरे वाचतात, पण सांधा चुकला की कमलनयनाचे कमलन्-यन् करून मोकळी होतात. यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. जे लिहिलेले नाही ते त्याने वाचावे कसे? प्रश्न आपल्या मुलांचा आहे. घरात मोठ्याने वाचन बंद झाले आणि मुलांच्या कानावर मराठी मुख्यतः यंत्रातूनच पडू लागली, तर सांधा त्यांना शिकविणार कोण?

याच वर्ध्यात १९३७ च्या ऑक्टोबरात शिक्षण परिषद भरली आणि मुलांचे शिक्षण मातृभाषेतून व्हावे असा ठराव तेथे झाला. वर्ध्याच्या पुष्कळ मुलांची मातृभाषा म्हणजे तेथील बोली. त्या बोलीत ळ चा य होतो. डोळ्याचा डोया होतो आणि दिवाळीची दिवायी. असे बोलणाऱ्या मुलाला वर्गात हसू येते, आणि ते मूल पुढे बोलतच नाही. परंतु दीपावलीची दिवाळी ज्या जिभेने केली, त्याच जिभेचे दिवायी हे पुढचे पाऊल आहे. पहिल्याला प्रमाण मानावे आणि दुसऱ्याला अडाणी म्हणावे, याला इतिहासाचा आधार नाही. त्या मुलाला प्रमाण मराठी अवश्य शिकवावी; पण त्याची बोली खुडून टाकून शिकवू नये. स्टेन कोनो यांनी ती बोली आदराने टिपून घेतली. आपण निदान ती आदराने ऐकून घ्यावी.

म्हणून या दिवाळीत फराळाचे ताट पुढे आले की घरातल्या लहानांना जवळ बसवा आणि अंकातले एखादे पान त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. अडखळले तर सांधा दाखवा. आजीला गावाकडची नावे म्हणायला सांगा. वरदेचा सांधा दोन हजार वर्षांत बुजला, त्याला कोणाचा इलाज नव्हता. पण सेवाग्रामाचा आणि गीताईचा सांधा पुढच्या पिढीला ऐकू यावा की नाही, हे मात्र आपल्याच घरात ठरणार आहे.